आधी नेहमीचं मोजा

माण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान आणि गणित शिकवते. पाचवी ते दहावीचे वर्ग, मागे माळ, पुढे ओढा. दिवस १६ सप्टेंबरचा. सातवीला आज 'विसंगती म्हणजे काय' ते सांगायचं ठरवलं होतं. तास एकच होता, पण विषय दिवसभर पुरला.

सकाळी ६.१५

अंगणात प्राजक्ताचा सडा पडलाय. एका डब्यात ती फुलं भरली, दुसऱ्या डब्यात कुंपणालगतची सदाफुली. दोन्ही डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. आजच्या पाठाचं साहित्य एवढंच.

विसंगतीची व्याख्या एका ओळीत होते: नेहमीपेक्षा वेगळं दिसतं ते. मुलं ती पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. अडचण 'नेहमी'ची आहे. आपण मोठी माणसं बरीच वर्षं पाहत आलेलो असतो, त्यामुळे काय खटकावं ते न सांगता कळतं. बारा वर्षांच्या मुलाकडे तेवढी पुंजी नसते. त्याला एकतर सगळंच नवलाचं वाटतं, नाहीतर कशाचंच काही वाटत नाही. म्हणून त्याला वेगळं दाखवण्याआधी नेहमीचं भरपूर दाखवावं लागतं, तेही त्याच्याकडून मोजून घेऊन. डब्यात फुलं मूठभर न घेता गच्च भरून घेतली, ती त्यासाठी.

सकाळी ८.३०

शाळा साडेदहाची, पण पर्जन्यमापकाची पाळी साडेआठची. भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेच्या नावावर लिहितो. आम्हीही तीच वेळ पाळतो, म्हणजे आमचा आकडा दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवता येतो. वेळ पुढेमागे झाली तर तुलना गेलीच.

आज पाळीवर आठवीतली दोघं आहेत. मुलीने मोजपात्र डोळ्यांसमोर धरलं, आकडा वाचला आणि म्हणाली, "मॅडम, चुकलंय बघा कायतरी."

४६ मिलिमीटर.

तिला चूक वाटणं साहजिक होतं. वहीची मागची पानं तिने भरलेली आहेत. बहुतेक ओळींत शून्य, मधूनच दोन, पाच, एखादा अकरा. मग तपासणी सुरू झाली. वरची जाळी साफ आहे का? आहे. कुणी बादली ओतली का? कुंपणाला कुलूप होतं. वर फांदी आलीय का? नाही. दोघांनी वेगवेगळं वाचलं, आकडा तोच आला. महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राचा आकडाही जवळपास तेवढाच निघाला.

तेवढ्यात वरच्या वस्तीवरचा मुलगा आला. त्याने घरी पत्र्याचा सरळ डबा ठेवलाय. त्याच्याकडे फक्त १२. "म्हंजे शाळंचं खोटं," त्याने निकाल देऊन टाकला.

त्याला २६ जुलै २००५ ची मुंबई सांगितली. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. एकाच दिवशी, एकाच विभागाने मोजलेला. कुलाब्याचा आकडा पाहून सांताक्रूझचा खोटा ठरवला असता, तर त्या दिवशी मुंबई का बुडाली हे कुणाला कळलंच नसतं. शेजारच्याशी न जुळणारा आकडा तपासावा जरूर, पण न जुळणं म्हणजे खोटं असणं नव्हे.

आणखी एक गंमत. महाबळेश्वर आमच्याच सातारा जिल्ह्यात. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आमच्याकडे पाचशेच्या आसपास. जुलैमधल्या महाबळेश्वरात एका दिवसाचा ४६ कुणी मान वर करूनही बघणार नाही. आकडा तोच, जिल्हा तोच. एका गावात बातमी, दुसऱ्या गावात किरकोळ. इथेही तोच आकडा फेब्रुवारीत आला असता तर जास्त खटकला असता, कारण माणदेशाला जो काही पाऊस मिळतो त्याचा मोठा वाटा सप्टेंबरच देतो.

"मग किती वेगळं म्हंजे वेगळं?" मुलीने विचारलं. प्रश्न मोलाचा आहे. हवामान विभागाने त्याची पट्टी आखून ठेवलीय. एखाद्या आठवड्याचा, महिन्याचा किंवा हंगामाचा पाऊस सरासरीच्या १९ टक्के वर किंवा १९ टक्के खाली असला तरी त्याला सरासरीइतकाच म्हणायचं. २० ते ५९ टक्के कमी म्हणजे तूट, त्याहून कमी म्हणजे मोठी तूट. वरच्या बाजूलाही तशाच पायऱ्या. नेहमीचं म्हणजे एक रेघ नसते, पट्टा असतो. पट्ट्याच्या आतला चढउतार रोजचाच.

वहीत ४६ लिहिलं. शेवटच्या रकान्याचं नाव मुलांनीच ठेवलंय: 'खटकलं'. तिथे नोंद झाली: रात्री अकरानंतर जोराचा, विजा, मंडळाच्या आकड्याशी जुळतो, वरच्या वस्तीत १२.

सकाळी १०.३०

परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बातम्या. दिनविशेषाला नववीच्या मुलीने आंतरराष्ट्रीय ओझोन दिन वाचला. १९८७ साली १६ सप्टेंबरला माँट्रियल करार झाला, त्याची ही आठवण. सुविचार आणि दिनविशेष मुलांच्या एका कानातून शिरून दुसऱ्या कानातून जातात हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक असतं. नववीला सांगून ठेवलं की याची गोष्ट दुपारी.

सकाळी ११.१५

सातवीचा तास. व्याख्या फळ्यावर लिहिली नाही. वर्गाचे दोन गट केले, एकाला सदाफुली, दुसऱ्याला प्राजक्त. काम एकच: प्रत्येक फुलाच्या पाकळ्या मोजायच्या आणि वहीत उभ्या रेघा मारायच्या.

सदाफुलीचा गट पाच मिनिटांत कंटाळला. पाच, पाच, पाच, पुन्हा पाच. "मॅडम, सगळी सारखीच हायती." कंटाळा येऊ दिला. पाठातला तो सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कंटाळा आल्याशिवाय नेहमीचं अंगात मुरत नाही. मग खिडकीजवळच्या बाकावरून आरडाओरडा झाला: सहा पाकळ्यांची सदाफुली! ती हातोहात वर्गभर फिरली.

हे पाहून प्राजक्ताच्या गटानेही हात वर केले. "आमच्याकडं बी सहा हाय!" "आमच्याकडं सात!" "माझ्याकडं आठ!" त्यांचं कुणी कौतुक केलं नाही म्हणून गट रुसला. मग दोन्ही गटांच्या रेघा फळ्यावर उतरवल्या. सदाफुलीचा पाचाखाली उंच मनोरा आणि बाजूला एकुलती एक रेघ. प्राजक्तात मात्र पाच, सहा, सात, आठ असा पसरलेला ढीग. प्राजक्ताची जातच तशी. त्याला पाच ते आठ कितीही पाकळ्या असतात.

आता विचारलं, "सहा हा आकडा विचित्र आहे का?"

वर्ग क्षणभर गप्प. मग मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा मुलगा म्हणाला, "कुठल्या फुलाचा ते सांगा आधी."

याहून चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही. वेगळेपण सहा या आकड्यात नाही आणि त्या फुलातही नाही. आपण मोजलेल्या बाकीच्या फुलांशेजारी ते ठेवलं की वेगळेपण दिसतं. शेजारचा ढीग बदलला की तेच फूल साधं होऊन जातं.

एवढ्यात एकाने चार पाकळ्यांची सदाफुली आणून दाखवली. बाकाखाली पाकळी पडलेली होती, पण पकडायला तीही लागली नाही. पोरांनी फूल उलटसुलट केलं आणि चारांच्या मध्ये रिकामी जागा हेरली. सहा पाकळ्यांच्या फुलात सगळ्या पाकळ्यांमधलं अंतर सारखं होतं. चारच्या फुलात एका ठिकाणी फट होती. एक वेगळेपण उगवलेलं, दुसरं केलेलं. दोन्ही फुलं वहीत चिकटवली, शेजारी कारणासकट.

मग एक मुलगी म्हणाली, "आमची आजी पाच पानांचा बेल सापडला तर वेगळा ठेवते, महादेवाला." बेलाला एका देठावर तीन पानं असतात, चार किंवा पाच क्वचित. आजीला तीन पानांचे ढीग तोडून माहीत आहेत म्हणून पाच डोळ्यांत भरतं. आजीने व्याख्या शिकली नसेल, पण मोजणी केलेली आहे.

तास संपताना फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. काही खटकलं की याच क्रमाने विचारायचे:

१. मोजताना, पाहताना चुकलं का?
२. कधीमधी असं असतंच का?
३. की खरंच काही वेगळं घडलंय?

क्रम महत्त्वाचा. मुलांना तिसऱ्यावर थेट उडी मारायची असते, मोठ्यांना पहिल्यावरच थांबायचं असतं.

दुपारी १२.३०

आठवीला सांख्यिकी चालू आहे. पुस्तकातल्या गुणांच्या याद्या सोडून नाडी मोजायला लावली. अर्धा मिनिट ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. पहिल्या बाकांवरून आकडे आले: ८२, ८४, ८६, ८८, १६८.

वर्गाने मध्य काढला: १०१.६. मग विचारलं, "या पाचांत एकशे एकची नाडी कुणाची?" कुणाचीच नाही. चौघं नव्वदीच्या आत, एक दीडशेच्या पुढे, आणि मध्य अशा जागी जिथे माणूसच नाही. आता आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घेतला. मध्यक ८६. तो चौघांच्या गर्दीत बसतो. एका आकड्याने मध्याला ओढून नेलं, मध्यकाला हलवता आलं नाही. हा फरक गणिताच्या पुस्तकात सूत्राखाली दडलेला असतो. खटकणारा आकडा आला की तो बाहेर येतो.

पण १६८ चं करायचं काय? निम्मा वर्ग म्हणाला, काढून टाका. आधी विचारा, मी म्हटलं. विचारलं तर कळलं, त्याने पूर्ण मिनिट मोजलं आणि वर दुप्पटही केलं. पहिल्याच प्रश्नात निकाल लागला: ८४. शेवटच्या बाकावरून ११२ आला होता. तोही चुकीचा असणार, असं सगळे धरून चालले. त्याने पुन्हा मोजला, तरी शंभरच्या वर. तो नळावरून पळत आला होता. ती चूक नव्हती, कारण होतं. शेजारी 'पळून आला' असं लिहिलं आणि आकडा तसाच ठेवला.

नियम एकच केला. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि का खोडला ते लिहायचं.

दुपारी १.३०

मधली सुट्टी. खिचडी शिजवणाऱ्या ताई पातेल्यापाशी उभ्या होत्या. "मॅडम, आज उरतंय. पोरं कुठं गेली?" सहावी ते आठवीला प्रत्येकी १५० ग्रॅम तांदूळ धरतात. अठरा मुलं कमी म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास तांदूळ. ताईंना हे हाताच्या अंदाजाने कळतं.

हजेरीपट काढला. बाजाराच्या दिवशी हजेरी दर आठवड्याला उतरते. ती ठरलेली गोष्ट, तिचं कुणी नवल करत नाही. पण आज बाजार नाही, गावात लग्न नाही, जत्रा नाही. गैरहजर नावांपुढे वस्त्यांची नावं लिहीत गेले तसा उलगडा झाला: बहुतेक सगळी ओढ्यापलीकडची. सकाळी ओढ्याला पाणी होतं.

पावसाची वही आणि हजेरीपट शेजारी ठेवून आठवीच्या मुलीला बोलावलं. तिचा ४६ आणि हे अठरा. एका वहीत खटकलेल्या गोष्टीचं कारण दुसऱ्या वहीत सापडलं. तिने विचारलं, मागच्या वर्षीचं जुळतंय का बघू? दोन्ही वह्या घेऊन ती व्हरांड्यात बसली.

दुपारी २.१५

नववीला ओझोनची गोष्ट. पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, अंटार्क्टिकावर ब्रिटनचं हॅली नावाचं संशोधन केंद्र आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथली माणसं डोक्यावरच्या हवेत किती ओझोन आहे ते डॉब्सनच्या उपकरणाने मोजत आली. रोजचं, कंटाळवाणं काम. वर्षानुवर्षं जवळपास तेच आकडे. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर दर ऑक्टोबरला आकडा उतरू लागला. दक्षिण गोलार्धातला ऑक्टोबर म्हणजे वसंत, त्या सुमाराला ध्रुवावर ऊन परत येतं.

मुलांना तीन प्रश्न आता पाठ होते. "उपकरण बिघडलं असंल." शास्त्रज्ञांनाही तेच वाटलं, दुसऱ्या उपकरणाने पडताळणी झाली, आकडा उतरलेलाच राहिला. "एखाद्या वर्षी असतंच असं." एक वर्ष नव्हे, ऑक्टोबरामागून ऑक्टोबर तेच. राहिला तिसरा प्रश्न. मे १९८५ मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या तिघांनी 'नेचर' नियतकालिकात ते जगापुढे मांडलं: अंटार्क्टिकावरचा ओझोन वसंतात प्रचंड घटतोय.

आता वर्गाला खरा धक्का दिला. अमेरिकेच्या नासाचा निंबस-७ हा उपग्रह तेव्हा वरून हेच मोजत होता. त्याच्याकडेही हे आकडे आलेले होते! पण १८० डॉब्सन एककांच्या खालचं माप आलं की ते शंकास्पद म्हणून खूण करून बाजूला ठेवायचं, असं संगणकाला सांगितलेलं होतं. तितकं कमी असूच शकत नाही, हे आधीच ठरवलेलं. माहिती फेकून दिलेली नव्हती, म्हणून नंतर ती पुन्हा तपासता आली आणि ही घट साऱ्या खंडावर पसरलेली असल्याचं उपग्रहानेच दाखवलं.

एकाने विचारलं, "मग संगणक चुकला का?" संगणकाने सांगितलेलं केलं. शंकास्पद अशी खूण करणंही योग्यच. आज सकाळी आपणही ४६ वर तीच शंका घेतली. पण शंका घेतल्यावर उठून जाळी बघायला जावं लागतं. खूण केली आणि कुणी बघायला गेलं नाही, तर खूण म्हणजे फक्त सुबक कचराकुंडी.

पुढचं सगळं वेगाने झालं. फ्रिजमध्ये, फवाऱ्यांच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोन तोडू शकतात, असा इशारा मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी १९७४ मध्येच दिलेला होता. १९८५ ला हे ओझोनचं छिद्र दिसलं, १९८७ ला करार झाला. परिपाठात वाचलेला दिनविशेष तो हा.

दुपारी ३.००

दहावी. गुरुत्वाकर्षण हे पुस्तकातलं पहिलंच प्रकरण, कधीच शिकवून झालंय, आज उजळणी. सूत्रं त्यांना येतात. म्हणून सूत्रांशी न जुळलेले दोन ग्रह सांगितले.

युरेनस हा ग्रह विल्यम हर्शेलने १७८१ मध्ये शोधला. न्यूटनच्या नियमाने त्याची वाट काढली, तर ग्रह त्या वाटेवरून थोडाथोडा ढळायचा. तेव्हाही दोन मतं होती: नियम चुकला किंवा बाहेर कुणीतरी ओढतंय. पॅरिसच्या ल व्हेरिएने दुसरं धरलं आणि ओढणारा कुठे असेल ते कागदावर काढलं. इंग्लंडमध्ये ॲडम्सही तेच गणित करत होता. २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले याने ल व्हेरिएने सांगितलेल्या जागेकडे दुर्बीण वळवली. त्याच रात्री, सांगितल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

वर्गाला न्यूटन जिंकल्याचा आनंद झाला. मग बुध. त्याची लंबवर्तुळाकार कक्षाच हळूहळू फिरते, आणि बाकीच्या ग्रहांच्या ओढीचा हिशेब केल्यावरही थोडं फिरणं शिल्लक राहतं. किती? शतकात ४३ विकला. एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. मुलांनी भागाकार केला: या वेगाने एक अंश पुरा व्हायला सुमारे ८,४०० वर्षं लागतील. एवढ्याशा फरकासाठी कोण भांडतं? १८५९ मध्ये ल व्हेरिएच भांडला. आधी यश आलेली युक्ती त्याने परत वापरली: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. त्या ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळालं. लोकांनी तो अनेक वर्षं शोधला. तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि ते ४३ विकला त्यातून आपसूक निघाले. या वेळी नियमालाच मर्यादा होती.

माणूस तोच, पद्धत तीच. एकदा ग्रह सापडला, एकदा सापडला नाही. खटकणारी गोष्ट कुठल्या दिशेला नेणार हे आधी कळत नाही. एक मुलगी म्हणाली, "मग पेपरात काय लिहायचं?" पेपरात सूत्र लिही, तिला सांगितलं. दहावीच्या शिक्षिकेला पाय जमिनीवर ठेवावे लागतात.

दुपारी ३.४५

सातवीचा एक तास रिकामा होता, तो मागून घेतला. लोणारचे दोन फोटो दाखवले: एकात तळ्याचं पाणी हिरवट, दुसऱ्यात गुलाबी. जून २०२० मधलं. मला वाटलं होतं, पोरं थेट चमत्काराकडे धावतील. पहिला आवाज आला, "फिल्टर लावलाय." मोबाइलच्या जमान्यातली पोरं, पहिला प्रश्न त्यांना शिकवावाच लागला नाही.

फोटो खरे होते. पाण्याचे नमुने तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे. पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यांचं फावलं. नमुना स्थिर ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच.

आणि ते तळं तरी काय साधं आहे? चहूकडे बेसाल्टचा काळा कातळ आणि मधेच जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा. आधी त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत. १९७० च्या दशकात तिथल्या दगडांत प्रचंड आघातानेच बनणारी काच सापडली आणि खड्डा उल्केचा ठरला.

मग ज्या प्रश्नाची मी वाट बघत होते तो आला. "मॅडम, आपल्या वर्गात हा एकटाच डावरा हाय. त्यो पण विसंगती का?" हशा पिकला. डावऱ्याचा चेहरा उतरला.

उत्तर गणितानेच दिलं. दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो. वर्गात चाळीस मुलं. मग डावरे किती हवेत? "चार." आणि आहे किती? "एक." मग खटकायला काय हवं? तो एक की न दिसणारे तीन? वर्ग विचारात पडला. कुणीतरी हळूच म्हणालं, मला पण आधी डाव्याच हातानं लिहायचं होतं, आजोबांनी बदलायला लावलं. मग आणखी एक हात वर आला.

हे निक्षून सांगितलं. माणसं पट्ट्यासारखी पसरलेली असतात. उंची, रंग, हात, बोलण्याची लकब. प्राजक्ताच्या ढिगासारखी नाही म्हणा हवं तर, पण मोजून एकाच आकड्यात बसणारी मुळीच नाहीत. 'खटकलं' हा रकाना आकड्यांसाठी, पाण्यासाठी, ग्रहांसाठी. मुलांच्या नावापुढे तो काढायचा नाही.

संध्याकाळी ५.१५

शाळा सुटली. आठवीची मुलगी दोन वह्या घेऊन अजून व्हरांड्यात. मागच्या वर्षी चाळीसच्या वर पाऊस झालेले दिवस तिने काढलेत. एका दिवशी हजेरी पडली, एका दिवशी पडलीच नाही. "हे जुळत नाही," ती वैतागून म्हणाली. तो रविवार होता का, मी विचारलं. तिने कॅलेंडर काढलं. रविवार नव्हता. मग काय, ते तिलाही कळलं नाही, मलाही. 'खटकलं'च्या रकान्यात तारीख लिहून ती घरी गेली.

रात्री ८.३०

उद्यासाठी जोसेलिन बेलची गोष्ट काढून ठेवलीय. १९६७ साली केंब्रिजमध्ये ती विद्यार्थिनी होती. रेडिओ दुर्बिणीतून उतरणारा कागद रोज हाताने तपासताना तिला इवलीशी खरखर दिसली, जी ताऱ्याचीही वाटेना आणि इथल्या कुठल्या यंत्राचीही. तिने ती सोडली नाही. १.३४ सेकंदाला एक, असे नेमाने येणारे ठोके निघाले. तो पहिला सापडलेला पल्सार. असे पल्सार आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची महादुर्बीणही ऐकते, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला मुलांना तिथे न्यायचा बेत आहे.

वह्या तपासताना सातवीच्या बहुतेकांनी व्याख्या सारखीच लिहिलीय, एकाने मात्र नुसतं सहा पाकळ्यांचं फूल चिकटवून शेजारी लिहिलं: 'सदाफुलीचं. प्राजक्ताचं असतं तर चाललं असतं.' त्याला पूर्ण गुण दिले.

पालकांना आणि माझ्यासारख्या शिक्षकांना एवढंच सांगणं. मुलांना जगातली आश्चर्यं दाखवायची घाई करू नका. व्हिडिओ ते काम आपल्याशिवायही करतात. त्यांना एक वही द्या आणि रोज एकच गोष्ट मोजायला लावा: पाऊस, सावली, विहिरीचं पाणी, अंगणात येणाऱ्या चिमण्या, काहीही. महिनाभर कंटाळू द्या. एखाद्या दिवशी मूल धावत येऊन म्हणेल, हे खटकतंय. तेव्हा उत्तर सांगू नका, तिन्ही प्रश्न क्रमाने विचारा. पेन्सिल हवी तेवढी द्या. खोडरबर मात्र देऊ नका.